आमच्या यादीतले तीन मिर्झा

यंदाच्या रमजान ईदला पणजीत शिकणारा आमचा भाचा शिरोड्याला आला होता. शिरखुर्म्याची दुसरी वाटी संपवता संपवता त्याने विचारले, "मामू, तुमचे आजवरचे सगळ्यात आवडते दहा पिक्चर सांगा बघू." प्रश्न सोपा वाटला. चाळीसेक वर्षे मिळेल तिथे आणि मिळेल तसा सिनेमा पाहिलेल्या माणसाला दहा नावे सांगणे काय अवघड? कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर आम्ही यादी लिहायला बसलो आणि असरपासून मगरीबपर्यंत खोडतच राहिलो. अखेर दहा नावे उरली. भाच्याने यादी वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "ह्यात मराठी कितके?"

मोजले. दोन.

"आणि आपले कितके?"

'आपले' म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मुसलमान म्हणून मोजले तर यादी भरलेली होती. पण त्याला विचारायचे होते ते वेगळेच. घरात, बाजारात, मशिदीच्या पायरीवर आणि एस.टी.च्या स्टँडवर जो मुसलमान मराठी बोलतो, तो या दहांपैकी किती चित्रपटांत आहे? उत्तर आले, एका. तोही १९४१ सालचा.

शिक्षणासाठी कोल्हापुरात असताना वसतिगृहातल्या एका सोबत्याने आम्हांला कौतुकाने म्हटले होते, "मराठी किती छान बोलतोस, मुसलमान वाटतच नाहीस." हे वाक्य या अंकाच्या बहुतेक वाचकांनी कधी ना कधी ऐकले असेल. सोबती मनाने वाईट नव्हता. त्याने मराठी बोलणारा मुसलमान पाहिलाच नव्हता. निदान पडद्यावर तरी नाहीच. पडद्यावर त्याने पाहिलेला मुसलमान शेरवानी घालून लखनौचे उर्दू बोलत होता, नाहीतर मुंबईच्या गल्लीत चाकू उघडत होता. त्यामुळे भाच्याचा प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही. यादी बाजूला राहिली आणि हा लेख लिहावा लागला.

शिरोड्याचा आणि चित्रपटाचा संबंध तसा जुना आहे. शिरोडे म्हटले की लोकांना मिठागरे आठवतात, १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो आणि वि. स. खांडेकर आठवतात. खांडेकर १९२० साली इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ साली कोल्हापूरला गेले. मास्टर विनायकांच्या 'छाया'ची कथा त्यांनी लिहिली. हा चित्रपट १९३६ साली आला, म्हणजे खांडेकर शिरोड्याला मास्तरकी करत होते तेव्हा. पुढे 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' आले. शिरोड्याला लागूनच आरवली. ते जयवंत दळवींचे गाव. त्यांच्या 'चक्र' कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ साली हिंदी चित्रपट केला आणि त्यातली स्मिता पाटीलची अम्मा ज्याने पाहिली तो तिला विसरू शकणार नाही. म्हणजे पायी जाता येईल एवढ्या अंतरातून दोन लेखण्या पडद्यापर्यंत पोचल्या. प्रत्यक्ष सिनेमा पाहायला मात्र आम्हांला सावंतवाडी, वेंगुर्ला किंवा म्हापसा गाठावे लागे. जत्रेत कधी तंबूचा सिनेमा येई, पण जत्रेत खरा मान दशावताराचा. रात्रभर जागून संकासुर पाहिलेल्या पोरांत आम्हीही असायचो आणि पहाटे घरी आल्यावर अब्बांची बोलणी खायचो. ती बोलणी जागरणाबद्दल असत, दशावताराबद्दल नसत.

अब्बांची स्वतःची यादी पक्की होती. पहिला 'मुघल-ए-आझम' (१९६०), त्यानंतर 'चौदहवी का चाँद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३) आणि मग बाकीचे जग. अम्मीची यादी एकाच नावाची, 'पाकिजा' (१९७२). लहानपणी आम्हांला वाटे, मुसलमान असणे म्हणजे हेच असणार. झुंबरे, चिकाचे पडदे, आदाब, गझल आणि पायऱ्यांवरून घरंगळत जाणारा रेशमी दुपट्टा. आमच्या घरात चिकाचा पडदा नव्हता. शिरोड्याच्या बाजारात अब्बांचे कापडाचे लहानसे दुकान होते, परसात विहीर होती, विहिरीपाशी फणस होता. रात्री जेवणात बांगड्याचे तिखले नाहीतर सुक्या सुंगटांची किसमूर. अब्बा अनारकलीच्या दरबारातून घरी येत ते मालवणीत बोलत. या विसंगतीचे त्यांना कधी काही वाटले नाही. त्या चित्रपटांवर आम्ही आज टीका करणार नाही. 'मुघल-ए-आझम' आमच्याही यादीत आहे, आणि २००४ साली तो रंगीत होऊन आला तेव्हा आम्ही तिकीट काढून पुन्हा पाहिला. पण अब्बांना त्यात स्वतःला शोधायचे नव्हते. त्यांना तीन तास बादशहा व्हायचे होते. आमच्या पिढीची हौस वेगळी निघाली. आम्हांला पडद्यावर कापडाचे दुकान हवे होते.

यादी लिहून झाल्यावर एक गंमत ध्यानात आली. वरच्या तीन जागा तीन मिर्झांनी अडवल्या होत्या. आमच्या ओळखीत एकही मिर्झा नाही. या आडनावाचा माणूस आम्हांला भेटला तो पडद्यावरच.

पहिला मिर्झा 'शेजारी'मधला. 'प्रभात'ने १९४१ साली हा चित्रपट मराठीत काढला आणि 'पडोसी' नावाने हिंदीतही काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची. एका गावात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन वयस्क शेजारी राहतात. त्यांचा बुद्धिबळाचा डाव रंगतो, एकमेकांच्या घरात त्यांची माया आहे. गावाजवळ धरण बांधायला ओंकार नावाचा माणूस येतो. त्याच्या योजनेच्या आड या दोघांची मैत्री येते, म्हणून तो ती फोडतो. संशय, आळ, पंचायत, अबोला, आणि शेवटी फुटणाऱ्या धरणावर एकमेकांचे हात धरून दोघेही जातात. धरणफुटीचे ते दृश्य 'प्रभात'ने ज्या कसबाने उभे केले त्याची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे, आम्ही त्यात भर घालत नाही.

आम्हांला तो चित्रपट प्रिय आहे तो त्याआधीच्या भागासाठी. त्यात मिर्झाच्या तोंडी मराठी आहे आणि गावात कुणालाही त्याचे नवल वाटत नाही. लाहोरचा ठराव मार्च १९४० चा. देशात वातावरण तापू लागलेले असताना पुण्यातल्या एका कंपनीने मराठी बोलणारा मुसलमान म्हातारा गावाच्या मधोमध बसवला, त्याला पाहुणा केले नाही, विदूषक केले नाही. दोघे अबोला धरतात तेव्हाचे प्रसंग पाहावेत. भांडण दोन धर्मांचे आहे असे चित्रपट ओरडून सांगत नाही. रोजचा डाव आता मांडला जात नाही, एवढ्याने ते कळते. आम्ही हे दूरदर्शनवर एका दुपारी पाहिले, तेव्हा अब्बा शेजारी बसले होते. दुकानासमोरच्या नाईकांशी त्या वर्षी त्यांचे कशावरून तरी बिनसलेले होते आणि दुपारचा चहा दोघे आपापल्या ओट्यावर वेगवेगळा घेत. अब्बा काही बोलले नाहीत. चहाचे पुढे काय झाले हे इथे सांगण्याची जागा नाही.

मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले, दोन्ही भाषांत. हिंदीत त्यांच्यासमोर ठाकूर झाला मजहर खान. म्हणजे हिंदू नटाने मुसलमान साकारला आणि मुसलमान नटाने हिंदू. या अदलाबदलीचे कौतुक आजवर फार झाले आणि ते रास्त आहे. पण मराठी आवृत्तीत पाटील झाले केशवराव दाते. मराठी पडद्यावर दोन्ही शेजारी हिंदू नटांनीच केले. यात कुणाचा दोष काढायचा नाही. दाते मोठे नट होते आणि पाटील त्यांनी फार जिवंत केला. तरीही हिंदीत मुसलमान नटाला हिंदू होता आले आणि मराठीत मुसलमान नटाची गरजच पडली नाही, हे पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये. आमच्यातला माणूस मराठी चित्रपटात आला तो असा, दुसऱ्याच्या अंगाने.

आणखी एक उणे सांगितले पाहिजे. 'शेजारी'त भांडण लावणारा बाहेरून येतो. गाव मुळात निर्मळ, ओंकार आला म्हणून नासले. हा समज सुखाचा आहे. लहानपणी आम्हांला तो पटला होता. १९९२-९३ नंतर तो तसाच पटवून घेणे जमले नाही. बाहेरचा माणूस काडी लावतो हे खरे, पण गवत वाळलेले कुणी ठेवले? याचे उत्तर 'शेजारी'कडे नाही. दोन्ही म्हाताऱ्यांना मारून त्याने गावाला धडा दिला आणि पडदा पाडला.

ते उत्तर शोधण्याची हिंमत दुसऱ्या मिर्झाने केली. एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' १९७३ चा. प्रमाणपत्रासाठी अडकून तो लोकांपुढे यायला १९७४ उजाडले. मूळ गोष्ट इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आझमी आणि शमा जैदी यांची. आग्र्याचा सलीम मिर्झा चपलाबुटांचा कारखानदार. फाळणी होऊन गेली आहे आणि एकेक नातेवाईक पाकिस्तानला निघाला आहे. चित्रपट सुरू होतो तो स्टेशनावर, निरोप देऊन परतणाऱ्या सलीम मिर्झापासून, आणि तो ज्या टांग्यात बसतो त्या टांगेवाल्याच्या बोलण्यापासून. इथे कुणी ओंकार नाही. आपण कधीच देश सोडणार नाही असे सभेत सांगणारा सख्खा भाऊ हलीमच आधी जातो. हवेली त्याच्या नावावर, म्हणून ती निर्वासितांच्या मालमत्तेत जमा होते आणि सिंधहून उजाड होऊन आलेल्या अजमानींना मिळते. अजमानी वाईट माणूस नाही. तोही घर हरवून आलेला आहे. कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही, भावाला कराचीला घराचा नकाशा पाठवला म्हणून हेरगिरीचा आळ येतो. प्रत्येक दार सभ्यपणे बंद होते. बलराज साहनी हे सगळे कपाळावरच्या एका आठीवर पेलतात. त्यांनी चित्रपटाचे आपले काम पुरे केले आणि १३ एप्रिल १९७३ रोजी ते गेले. चित्रपट लोकांपर्यंत पोचलेला त्यांनी पाहिला नाही.

आमच्या यादीत 'गर्म हवा' पहिला आहे, 'शेजारी' दुसरा. कारण सांगायचे तर अब्बांकडे परत जावे लागते. अब्बांचे एक चाचा १९४८ मध्ये मुंबईहून बोटीने कराचीला गेले. कराचीत कोकणी मुसलमानांची वस्ती आहे हे पुष्कळांना ठाऊक असेल. तिथून त्यांची पत्रे यायची ती मराठीत. उर्दू त्यांना लिहिता येत नव्हते असे नाही, पण शिरोड्याला पत्र लिहायचे ते बाळबोध लिपीत, हे त्यांनी सोडले नाही. पत्रात ख्यालीखुशाली कमी आणि चौकशा जास्त. मिठागराचा बांध यंदा फुटला का? विहिरीपाशच्या फणसाला किती लागले? १९७१ नंतर पत्रे बंद झाली. 'गर्म हवा'त म्हातारी आई हवेली सोडायला तयार होत नाही, जळणाच्या खोलीत लपून बसते आणि मुलगा तिला उचलून बाहेर आणतो. पुढे मरणाच्या दारात तिला पुन्हा त्या हवेलीत डोलीतून नेतात. हे दूरदर्शनवर चालू असताना अब्बा उठले आणि परसात गेले. आम्हांला वाटले, पाणी शेंदायला गेले. बराच वेळ रहाटाचा आवाज आला नाही.

समीक्षक लोक 'गर्म हवा'च्या शेवटाविषयी दोन मते देतात. स्टेशनाकडे निघालेला सलीम मिर्झा टांग्यातून उतरतो आणि मुलगा सिकंदरच्या मागोमाग मोर्चात मिसळतो. काहींना हा शेवट चिकटवलेला वाटतो, पटकथा लिहिणाऱ्यांच्या राजकारणाने आणलेला. आम्हांलाही तरुणपणी तसे वाटे. २०१४ साली चित्रपट नव्याने दुरुस्त होऊन पुन्हा आला तेव्हा आम्ही तो परत पाहिला आणि मत बदलले. सलीम मिर्झा मोर्चात घोषणांमुळे शिरत नाही. त्या क्षणापर्यंत त्याच्याबद्दल जे काही ठरले ते इतरांनी ठरवले. हवेली कुणाची, कर्ज द्यायचे की नाही, तो हेर आहे की नाही. टांगा थांबवणे ही त्याने स्वतः केलेली पहिली गोष्ट. मोर्चा कशासाठी आहे हे त्या वेळी फारसे महत्त्वाचे राहत नाही. सिकंदरचे काम करणाऱ्या फारूक शेख यांचा हा पहिला चित्रपट. बापाच्या पुढे चालणारा तो पोरगा पाहताना, ते २०१३ च्या डिसेंबरात गेले याचीही आठवण झाली.

तिसरा मिर्झा पडद्यावर दिसत नाही, तो पडद्यामागे आहे. सईद अख्तर मिर्झा. त्यांचे वडील अख्तर मिर्झा यांनी 'नया दौर' (१९५७) लिहिला, म्हणजे टांगेवाल्याची गोष्ट या घराण्यात आधीपासून होती. सईद मिर्झांचा 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) आम्हांला आवडतो, पण यादीत आहे तो 'नसीम' (१९९५). मुंबई, १९९२ चा जून ते डिसेंबर. शाळेत जाणारी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. घरात टीव्ही चालू आहे, अयोध्येच्या बातम्या येत आहेत, बाहेर घोषणा आहेत, आणि आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगत आहेत. ६ डिसेंबरला आजोबा जातात.

आजोबा झाले आहेत कैफी आझमी. ज्या कैफींनी 'गर्म हवा'त आग्र्याच्या मिर्झाला टांग्यातून खाली उतरवले, तेच बावीस वर्षांनी आग्र्याचे म्हातारे होऊन मुंबईच्या खाटेवर पडलेले आहेत. सलीम मिर्झा राहिला, त्याचे पुढे काय झाले? हे झाले. आम्ही 'गर्म हवा' आणि 'नसीम' एकाच चित्रपटाचे दोन भाग म्हणून पाहतो. नावेसुद्धा तशीच जुळली आहेत. एक गरम वारा, दुसरी पहाटेची झुळूक. 'नसीम'मध्ये मुलगा वडिलांना विचारतो, आपण तेव्हा पाकिस्तानला का गेलो नाही? आजोबा देशप्रेमाचे भाषण करत नाहीत. आग्र्याच्या घरच्या अंगणात एक झाड होते, ते तुझ्या आईला फार आवडायचे, एवढेच सांगतात. वर्षानुवर्षे ज्या प्रश्नाला आम्ही शाळेत, कचेरीत, रेल्वेच्या डब्यात लांबलचक आणि घाबरीघुबरी उत्तरे देत आलो, त्याचे इतके साधे उत्तर देता येते हे आम्हांला ठाऊकच नव्हते. आमच्याकडे तर फणस होता.

'शेजारी' पुण्याच्या 'प्रभात'चा. त्याच 'प्रभात'च्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाची शिक्षणसंस्था सुरू केली. तिचे पहिले प्रमुख गजानन जागीरदार, म्हणजे आपले 'शेजारी'तले मिर्झा. सईद मिर्झा याच संस्थेत शिकले. जागा एकच, पण मधल्या काळात काय घडले पाहा. १९४१ च्या मिर्झाची भाषा मराठी होती. 'गर्म हवा'चा मिर्झा आग्र्याचा, त्याची भाषा उर्दूच असणार. 'नसीम'चे घर मुंबईतले, पण तिचे आजोबाही आग्र्याहून आलेले. मुसलमानाविषयी चांगला, खरा चित्रपट काढायचा तर त्याचे मूळ उत्तरेत असावे लागते, असा जणू दंडक पडला. 'मम्मो' (१९९४) घ्या. श्याम बेनेगलांचा हा चित्रपट आमच्या यादीत आहे आणि फरिदा जलालने त्यात जे केले आहे ते घरातल्या बायकांनी डोळे पुसत पाहिले. तोही मुंबईत घडतो, तोही उर्दूतला. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मून मराठीत 'इंधन' लिहिणारे हमीद दलवाई कागदावर होते, फ. म. शहाजिंदे होते, आणि १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलनही भरले. कागदावर आम्ही आलो. पडद्यावर आलो नाही.

यादीतल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'श्वास' (२००४) हा आमचा दुसरा मराठी. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळाले ते त्याच्यामुळे. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर कोकणातला आजोबा मोठ्या शहरातल्या इस्पितळात जसा वावरतो, तो वावर आम्ही ओळखतो. त्याच्याजागी आमचा आजोबा असता तरी एकही प्रसंग बदलावा लागला नसता. 'इक्बाल' (२००५) एका कारणासाठी आवडतो. खेड्यातला मुका-बहिरा पोरगा जलद गोलंदाज होऊ पाहतो, त्याचे नाव इक्बाल आहे, बहिणीचे नाव खदीजा आहे, आणि नागेश कुकुनूर यांनी त्यावर एक अक्षर खर्च केलेले नाही. त्याला भारतासाठी खेळायचे आहे म्हणून कुणी त्याची पाठ थोपटत नाही की परीक्षा घेत नाही. माजिद मजिदी यांचा इराणी 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' (१९९७) घरी सीडीवर पाहिला तेव्हा हेच सुख मिळाले होते. बहीणभावात बुटांचा एकच जोड, तो अदलून बदलून वापरायचा, आणि बाप गरीब. तिथे सगळेच मुसलमान, म्हणून कुणीच मुसलमान नाही, फक्त माणसे आहेत. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरू लागल्यावर तिकडचे आणखी पुष्कळ चित्रपट पाहिले, पण त्या बुटांना कुणी मागे टाकले नाही.

आता भाच्याची तक्रार. "मामू, 'हलाल' खंय आसा?" त्याचे म्हणणे बिनतोड होते. 'हलाल' (२०१७) मराठी, शिवाजी लोटन पाटील यांचा, राजन खान यांच्या कथेवरचा. त्यातली माणसे मुसलमान आहेत आणि मराठी बोलतात. 'शेजारी'नंतर शहात्तर वर्षांनी आम्हांला हवे होते ते आले, मग यादीत का नाही?

प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही 'हलाल'बद्दल दोन मनांचे आहोत. राजन खान आमच्यातलेच. गाव, जमात, मौलाना, बायकांची कुजबुज हे सगळे त्यांनी आतून पाहिलेले आहे आणि चित्रपटात ते उतरले आहे. तलाक झालेल्या बाईला पहिल्या नवऱ्याकडे परतण्यासाठी मधे दुसऱ्याशी निकाह लावायला लावणे ही तिची विटंबना आहे, आणि ती सांगायला आम्ही बिचकू नये. या प्रश्नाला पहिल्यांदा वाट बाहेरच्यांनी करून दिलेली नाही. १९६६ साली हमीद दलवाईंनी सात मुसलमान महिलांचा मोर्चा मुंबईत नेला होता. तेव्हा 'हलाल' काढू नये होता असे म्हणणारे आमच्यात असतील, आम्ही त्यांच्यातले नाही.

आमची अडचण दुसरी आहे. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला आणि ऑक्टोबरात 'हलाल' थिएटरात आला. लोकांनी तो बातमीची पुरवणी म्हणून पाहिला. ज्याने आयुष्यात मराठी बोलणारा मुसलमान पडद्यावर पाहिला नव्हता, त्याला तो पहिल्यांदा दिसला तो निकाह आणि तलाकाच्या दारातून. दुकान, बागायत, मच्छी, पोरांची फी, विहिरीचा गाळ, यांतून तो आधी दहा वेळा भेटला असता तर अकराव्यांदा या दारातून भेटल्याचे आम्हांला दुःख झाले नसते. भाच्याला हे पटले नाही. तो म्हणाला, "आदी ह्यां दाखयल्यार मगे तां दाखयतले. सुरुवात खंयथून तरी जावक व्हयी." त्याचे वय एकोणीस. १९९२ त्याने पाहिलेले नाही, आणि सुरुवातीची त्याला घाई आहे. आमची शहात्तर वर्षे वाट पाहण्यात गेली, त्यामुळे आम्ही चोखंदळ झालो, हाही एक दोषच म्हणायचा. यावर आम्ही दोघे त्या रात्री इशानंतरही बोलत होतो आणि एकमत झाले नाही.

मग आपा बाहेर आली. पाहुणे गेले होते, भांडी झाली होती. तिने यादी हातात घेतली, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "'पाकिजा' खंय?" आम्ही सांगायला लागलो की ही यादी वेगळ्या दृष्टीने केली आहे, त्यात माणसाचा धंदा, घर, भाषा... तिने मध्येच थांबवले. अम्मीने कधी काही मागितले नाही, एवढाच एक पिक्चर तिने मागून पाहिला, आणि तो यादीत नाही? 'पाकिजा' थिएटरात लागल्यावर दोन महिन्यांच्या आत मीनाकुमारी गेली. ती बातमी ऐकून अम्मीने त्या दिवशी चूल पेटवली नव्हती, हे आम्हीच विसरलो होतो.

'पाकिजा' लिहिला. दहाची अकरा करायला भाचा तयार होईना, तेव्हा कुणाला तरी काढणे भाग होते. तीन मिर्झांना हात लावायचा नव्हता, 'श्वास' काढला तर मराठी एकच उरत होता, 'इक्बाल'वर भाचा अडून बसला. शेवटी 'चक्र'वर रेघ मारली. आपा आत गेल्यावर भाच्याने त्या रेघेशेजारी बारीक अक्षरांत पेन्सिलीने 'हलाल' लिहून ठेवले, ते आम्ही पाहिले आणि पुसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पणजीच्या गाडीवर बसवून परतताना आरवलीवरून आलो, आणि दळवींच्या गावात शिरताना उगाच चोरट्यासारखे वाटले.